मागच्या हुकावरची पाटी

तिकडे वर बघू नका. बसमध्ये चढलं की सगळ्यांची नजर आधी त्याच्याकडेच जाते, त्या काचेच्या डोळ्याच्या कॅमेऱ्याकडे. मला सवय झालीय. पण आज माझं ऐकायला आलाच आहात, तर दोन्ही बाजूंच्या सीटांमधून सरळ चालत शेवटपर्यंत या. मागच्या काचेवर, हुकाला टांगलेली, एक कोपरा वाकलेली पत्र्याची पाटी दिसतेय ना? तीच मी. शाळेच्या बसमधली.

माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘बस रिकामी आहे’. आयुष्यात मला एवढं एकच वाक्य बोलता येतं. हॉर्नचं बरं आहे, मनात आलं की ओरडायचं. दिव्यांनाही डोळे मिचकावता येतात. माझ्या वाट्याला हे एक वाक्य, आणि तेही खरं की खोटं, हे मला टांगणाऱ्याच्या हातात.

आधीच सांगून टाकते, मी स्वभावानं मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालेलं मला बघवत नाही. माणसं असलं काही लपवून ठेवतात. मी पत्रा आहे, माझा गंज आपोआप वर येतो.

माझा जन्म बसच्या वर्कशॉपमधला. एक जुनी बस मोडीत निघाली तेव्हा मिस्त्रीनं तिच्या अंगाचा पत्रा कापला. त्यातला सरळ, गुळगुळीत तुकडा शाळेच्या नावाची पाटी होऊन फाटकावर गेला. माझी सख्खी बहीण ती. रोज सकाळी तिला ओल्या फडक्यानं पुसतात, पाहुणे आले की तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. उरलेल्या तुकड्यांतून माझ्यासारख्या पाट्या निघाल्या, प्रत्येक बसला एकेक. एकाच अंगाच्या आम्ही, पण नशीब बघा.

पेंटर अक्षरं काढत होता तेव्हा त्याला शिंक आली, म्हणून माझ्या ‘आहे’ची मात्रा जरा तिरकी गेलीय. ती त्यानं पुसली नाही. ‘बसच्या मागं कोण बघतंय,’ म्हणाला. पाठीवर तर रंगच दिला नाही, नुसता पत्रा ठेवला. फाटकावरच्या बहिणीला मात्र दोन्ही बाजूंनी रंग.

आम्हाला बनवून घेतलं ते मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेनं. दुसऱ्या कुठल्याशा शाळेच्या बसमध्ये एक मूल झोपेत राहून गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून त्यांनी नियम केला : मुलं उतरली की बसमधल्या मोठ्या माणसानं पाटी घेऊन मागे चालत जायचं, जाताना प्रत्येक सीट बघायची, आणि मग मागच्या काचेवर पाटी टांगायची. पाटी लागल्याशिवाय बस लॉक करायची नाही. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मला हातात धरून बाई मिस्त्रीला म्हणाल्या, “पाटी महत्त्वाची नाहीये हो. मागे जाणं महत्त्वाचं आहे.”

मला जे झोंबलं म्हणता! मी समोर असताना, माझा रंगही वाळला नसताना, पाटी महत्त्वाची नाही म्हणे.

तरी ते दिवस चांगले होते. बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक बाई असायच्या, मुलं त्यांना बसमावशी म्हणायची. शेवटचं मूल उतरलं की मावशी मला ड्रायव्हरच्या सीटमागून काढायच्या, काखेत मारायच्या आणि बडबडत मागे निघायच्या. “चला, आज काय काय सांडलंय बघू. ही बाटली कुणाची गं? आणि हा मोजा? एकाच पायानं गेला की काय शाळेत!” खाली वाकून सीटांखाली बघायच्या. गुडघ्यातून आवाज यायचा, मग म्हणायच्या, “मेला गुडघा.” शेवटी हुकापाशी आल्या की पदरानं मला पुसायच्या आणि टांगायच्या. ते पुसणं मला फार आवडायचं. एखाद्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या हातात कुणाची विसरलेली टोपी असली तर मला तिचाही राग यायचा.

त्या बसमध्ये एक छोटी मुलगी यायची. नुकतीच अक्षरं गिरवायला लागलेली. बसलं की लगेच डोळे मिटायची, म्हणून मावशींनी तिचं नाव पेंगुळी ठेवलं होतं. मागची लांब सीट तिची आवडती, कारण तिथं आडवं होता येतं. कितीदा तरी मावशी मला काखेत घेऊन मागे आल्या आणि तिला हलवून म्हणाल्या, “ऊठ गं बये, शाळा आली.” पेंगुळी एक डोळा उघडून आधी माझ्याकडे बघायची. तिरक्या मात्रेवरून बोट फिरवायची. मला वाटायचं, चला, निदान एका माणसाला तरी आपण दिसतो.

मग तो आला.

कॅमेरा बसवला त्या दिवशी शाळेत केवढी गडबड! पालकांना बोलावलं होतं. बसची वाहतूक सांभाळणाऱ्या साहेबांनी फीत कापली. या साहेबांना दिवसभर एकच धोशा, ‘चला, चला, चला!’ म्हणून मुलं त्यांना मागे चलाचलासाहेब म्हणायची. साहेबांनी पालकांना ऑफिसातला पडदा दाखवला. पडद्यावर चौकोन, एकेका चौकोनात एकेक बस. “आता तुमचं मूल क्षणभरही आमच्या नजरेआड होणार नाही,” साहेब म्हणाले. पालक म्हणाले, “वा!” पालक परत गेल्यावर साहेब ड्रायव्हरकडे वळले आणि तोच पडदा दाखवत पुन्हा म्हणाले, “वा!” मला कुणी विचारलंही नाही.

मुलंही तशीच. त्याच्यासमोर उभं राहून जिभा काढायची, भांग पाडायची. तो आपला वर बसून, लाल ठिपका लावून सगळं ऐटीत बघतोय. पापणीसुद्धा हलवत नाही. मी जळायचे. अगदी आतून जळायचे. एकच समाधान होतं. ड्रायव्हरनं किल्ली काढून बॅटरीचं बटण बंद केलं की त्याचा लाल ठिपका विझायचा आणि ऑफिसातला चौकोन काळा व्हायचा. उभ्या बसमध्ये तो माझ्याइतकाच मुका. हे मला माहीत होतं. ड्रायव्हरलाही माहीत होतं. साहेबांना तर काळे चौकोन रोजच दिसायचे. पण त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही.

कॅमेरा आल्यावर मला रोज मागे नेणं सगळ्यांना जड वाटायला लागलं. सकाळी बसच्या दोन फेऱ्या असायच्या. पहिली फेरी उतरली की दुसरीसाठी लगेच निघायचं. साहेब ऑफिसच्या खिडकीतून आवारात बघत बसायचे आणि त्यांना मागची काच दिसायची नाही. एक दिवस ते बसमध्ये चढले आणि म्हणाले, “मावशी, तेवढ्यासाठी रोज मागे कशाला जाता? आता कॅमेरा आहे की. पाटी पुढच्या काचेला लावा, मला खिडकीतून दिसेल, फाटकावर वॉचमनला दिसेल. गाडी पटकन सुटेल. चला, चला!”

मावशी म्हणाल्या, “मोठ्या बाईंना विचारलंत का?”

“विचारलंय. हो म्हणाल्या.”

ड्रायव्हरकाकांनी त्याच दुपारी दरवाजाशेजारी, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात नवा हुक ठोकला. मोठ्या हौसेनं ठोकला, कारण त्यांनाही सकाळची घाई नकोशी झाली होती. मावशींनी नुसता गुडघा चोळला.

खरं सांगू? मला आनंद झाला. पुढची काच! आवाराकडे तोंड! फाटकावरच्या बहिणीच्या समोरासमोर! आता येणारा-जाणारा मला वाचेल, साहेब वाचतील. कॅमेऱ्याकडे मी तोऱ्यात बघितलं. मागे जाणं गेलं याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मला वाचलं जायचं होतं, एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगते.

दुसरी फेरी शाळेत आली. मुलं उतरली, ढकलाढकली, दप्तरं, रोजचाच गोंधळ. एक मुलगा पायरीवर पडला, गुडघा खरचटला, तो भोकाड पसरून बसला. मावशी त्याला उचलून आत घेऊन गेल्या. जाताना सवयीनं हात वर करून मला पुढच्या हुकावर अडकवून गेल्या. ड्रायव्हरकाकांनी आरशात बघितलं. आरशात सीटांच्या पाठी दिसतात, सीटांवर आडवं झालेलं मूल दिसत नाही. त्यांनी बस आवाराच्या कडेला उन्हात लावली, बॅटरी बंद केली, काचा वर केल्या, दार लॉक केलं आणि चहा प्यायला गेले. मी आवाराकडे तोंड करून जगाला सांगत होते, बस रिकामी आहे.

बस रिकामी नव्हती. मागच्या लांब सीटवर पेंगुळी झोपली होती.

मला ठाऊक होतं. पण मला एकच वाक्य येतं.

हळूहळू बस तापली. सीटांच्या रेक्झिनला वास सुटला. मी पत्रा, माझा तर तवा झाला. पेंगुळी जागी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, मावशी येतील. ती तशीच बसून राहिली. मग तिनं हाक मारली. मग रडायला लागली. मागच्या काचेवर हातांनी धपधप मारायला लागली, जिथं एके काळी मी असायचे त्याच काचेवर. तिथला जुना हुक मोकळाच होता.

फाटकावरच्या वॉचमनकाकांना तो आवाज गेला. ते खुर्चीतून उठले. चार पावलं बसच्या दिशेनं आले. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बसकडे बघितलं, आणि मला वाचलं.

बस रिकामी आहे.

ते परत जाऊन खुर्चीत बसले.

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं माझी इच्छा होती की कुणीतरी मला लक्ष देऊन वाचावं, माझ्यावर विश्वास ठेवावा. त्या दिवशी एका भल्या म्हाताऱ्या माणसानं ते दोन्ही केलं. मी खोटं बोलले असं मी म्हणणार नाही, मला खोटं बोलायला लावलं होतं. पण ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं. हॉर्नच्या तोंडून नाही, कॅमेऱ्याच्या नाही.

मग मी एकेकाकडे बघू लागले. वर कॅमेरा, डोळा विझलेला. हॉर्नवर पेंगुळीनं पुढे येऊन ड्रायव्हरकाकांसारखा हात मारून बघितला, पण बॅटरी बंद, तो मुका. खिडकीच्या वर काच फोडायची लाल हातोडी, तिचाही मला नेहमी हेवा वाटायचा. ऐटीत आपल्या लाल डबीत बसलेली, खाली सूचना लिहिलेली. पेंगुळीचा हात तिथपर्यंत पोचेना. सगळे मोठे लोक आणि सगळे कुचकामी. एरवी मला गुदगुल्या झाल्या असत्या. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात त्या मेल्या कॅमेऱ्याला म्हणाले, अरे, उघड रे एकदा डोळा.

पेंगुळी पुन्हा पुढे आली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनवरचं झाकण असतं, त्यावर ती चढली. माझी पाठ तिच्याकडे होती, नुसता पत्रा. बाहेरच्यांना मी खोटं सांगत होते आणि तिला काहीच सांगत नव्हते. तिनं दोन्ही हातांनी मला हुकावरून ओढलं. चटका बसला तिला, हात मागे घेतला. मग फ्रॉकचं टोक हातात धरून पुन्हा ओढलं. आणि मला काचेवर मारायला लागली.

खण्ण! खण्ण! खण्ण!

मला आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं.

वॉचमनकाकांनी मान वळवली. जिथं मी असायला हवी होते तिथं एक लाल झालेला चेहरा होता. काठी टाकून ते ओरडत धावले. “किल्ली! अहो, किल्ली आणा! पोर आहे आत!”

ड्रायव्हरकाका कुठून कसे आले देव जाणे, हातात चहाचा ग्लास तसाच होता. तो टाकून त्यांनी किल्ली कुलपात घातली. दार उघडल्यावर पेंगुळीला त्यांनी उचललं, सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. आणि सारखं तेच म्हणत होते, “मी आरशात बघितलं होतं. मी आरशात बघितलं होतं.”

पेंगुळीनं मला सोडलं नव्हतं. शाळेच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, थंड कपडा अंगावर ठेवला, घोट घोट पाणी पाजलं, तरी मी तिच्या पोटाशी होते. माझा एक कोपरा वाकला होता. नर्सनं मला काढायचा प्रयत्न केला तर ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी पोटाशी धरलं होतं. तेवढ्यात तिची आई आली, कामावरून तशीच धावत, गळ्यात ओळखपत्र, एका पायातली चप्पल तुटलेली. आई दिसताच पेंगुळीनं मला जमिनीवर टाकलं आणि तिच्या गळ्यात पडली.

साहजिक आहे. तरी मला झोंबलं.

संध्याकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. पुरावा म्हणून मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं. मोठ्या बाई, चलाचलासाहेब, ड्रायव्हरकाका, मावशी, वॉचमनकाका, सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. एवढ्या नजरा माझ्यावर कधीच खिळल्या नव्हत्या, आणि त्यातली एकही मला नको होती.

पेंगुळी आईच्या मांडीवर झोपली होती. म्हणून सगळं भांडण कुजबुजत झालं. असं भांडण तुम्ही बघितलं नसेल. गळ्याच्या शिरा ताणलेल्या आणि आवाज मात्र दप्तर उघडावं एवढाच.

साहेब म्हणाले, “ताई, झालं ते फार वाईट झालं. पण आमच्याकडे कॅमेरे आहेत, सुरक्षेत आम्ही कुठंही...”

“दाखवा मग,” आई म्हणाली. “ती आत काय करत होती ते दाखवा मला.”

“त्या वेळी बॅटरी बंद होती.”

“म्हणजे बस उभी असली की तुमचा कॅमेरा बंद?”

“बस रिकामी असते ना तेव्हा.”

“होती का रिकामी?”

साहेबांनी रुमाल काढला.

आई म्हणाली, “मला बाकी काही नको. एवढंच सांगा, मागे कोण गेलं होतं?”

मावशी म्हणाल्या, “मी नाही गेले. पाटी आता पुढेच असते.”

“पाटी पुढे असली म्हणून मागे बघायचं नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?” साहेब कुजबुजत ओरडले.

“तुम्हीच सांगितलंत साहेब. तेवढ्यासाठी मागे कशाला जाता, म्हणालात.”

साहेबांनी ड्रायव्हरकाकांकडे बघितलं. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्या बाजूनं बोलेल. काकांनी खाली मान घातली होती. त्यांना घरी म्हातारी आई, दोन लेकरं, आणि नोकरी साहेबांच्या हातात. ते काय बोलतात यावर मावशींचं काय होणार ते ठरणार होतं. मग ते म्हणाले, “म्हणाले होते साहेब. हुक मीच ठोकला. आणि मला बरंच वाटलं होतं तेव्हा. गाडीची चावी माझ्याकडे, दार लॉक केलं ते मीच. आरशात बघून चालत नाही हे मला कळायला हवं होतं.”

वॉचमनकाका म्हणाले, “मी आवाज ऐकला होता आधी. उठलोही होतो. पण पाटी वाचली आणि परत बसलो.” एवढं बोलून ते रडायला लागले, तेसुद्धा आवाज न करता.

साहेब घाईघाईनं म्हणाले, “बाई, मी असं करतो, मावशींना उद्यापासून कामावरून कमी करतो. आणि प्रत्येक बसमध्ये आणखी एक कॅमेरा...”

आणखी एक! माझ्या पत्र्याला चर्रर झालं.

पेंगुळीची आई म्हणाली, “त्यानं काय होईल? दुसऱ्या मावशी येतील. पाटी पुढेच राहील. दोन डोळे मिटलेले राहतील एकाऐवजी. मला शाळेतून फोनसुद्धा आला नाही, माझी मुलगी वर्गात नाही म्हणून. तुम्ही एका बाईला घरी बसवून मला गप्प करू नका. मी गप्प बसणार नाही.”

मोठ्या बाई इतका वेळ माझ्या तिरक्या मात्रेकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “पाटी पुढे नेऊ का, असं मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. दुसरं काही काम चाललं होतं, मान वर न करता हो म्हटलं.” मग त्यांनी मला उचललं. “ही पाटी आज मागच्या हुकावर जाईल. मूल वर्गात नसलं तर पहिल्या तासालाच घरी फोन जाईल, ते मी बघेन. गाडीची बॅटरी पाटी लागल्यावरच बंद होईल. काका, काही दिवस तुम्ही गाडी चालवणार नाही, नव्यानं शिकून या. मावशी, तुम्ही राहाल, पण आता विसरलात तर राहणार नाही. आणि साहेब, मावशी मागे जाऊन आल्या की त्यांच्यानंतर तुम्ही जायचं. प्रत्येक बसमध्ये. पाटी तुमच्या हातानं टांगायची.”

“मी?” साहेब म्हणाले. “रोज?”

“खिडकीतून बघण्यापेक्षा जवळून दिसेल,” मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. साहेब पोटानं जरा भारी. सीटांच्या मधून जाताना अडकायचे, वाकायचे, उठताना सीटला धरून ‘आई गं’ म्हणायचे. मला असं धरायचे जसं काही मी त्यांना चावणार आहे. आधी शेजारच्या बसच्या पाटीला टांगून मग माझ्याकडे यायचे, त्याचाही मला राग यायचा. हळूहळू मात्र त्यांचं बघणं बदललं. सीटखाली खडू सापडला, कुणाचा पडलेला दात कागदात बांधलेला सापडला, तो त्यांनी वर्गावर्गांत विचारून ज्याचा त्याला नेऊन दिला. एक दिवस तर मला पुसलं, रुमालानं.

पण पेंगुळी बसनं येत नव्हती. आई तिला स्कूटरवर आणायची. आणि मी आजवर कुणाकुणाचा मत्सर केला ते सगळं एका बाजूला, त्या स्कूटरचा केला तेवढा कुणाचाच नाही. साधी, मडगार्ड खिळखिळं झालेली स्कूटर! तिच्यावर आईच्या पाठीला गाल लावून पेंगुळी यायची, झोपेतच. आणि माझ्या मागची लांब सीट मोकळी.

एक गोष्ट मात्र मी रोज बघायचे. मुलीला आत सोडून आई लगेच जायची नाही. हातात हेल्मेट घेऊन आवारात उभी राहायची. साहेबांचं डोकं बसच्या एकेका खिडकीतून मागे मागे सरकताना दिसायचं, ते ती शेवटच्या खिडकीपर्यंत बघायची. मी हुकावर लागले की निघायची. उन्हात, भुरभुर पावसात, कामावर जायला उशीर होत असतानासुद्धा. कितीतरी दिवस असं चाललं.

आणि परवा सकाळी स्कूटर आली नाही. पेंगुळी बसमधून आली, पुढच्या सीटवर, मावशींना खेटून. झोपली होतीच. शाळा आली तेव्हा मावशींनी सगळ्यात आधी तिलाच उठवलं. ती उतरली नाही. मुलं गेली, मावशी मागे जाऊन सीटा बघून आल्या, साहेब चढले, त्यांनी मला हातात घेतलं, तरी ती पायरीपाशी उभीच.

“मी लावू पाटी?” तिनं विचारलं.

माझ्या पत्र्याला काटा आला. तिचा हात! पुन्हा! मी मनात म्हणाले, दे रे बाबा, दे मला तिच्या हातात.

साहेब म्हणाले, “नाही बाळा. हे माझं काम आहे.”

इतका राग आला मला त्यांचा. आणि तरीही, खरं सांगते, त्यांनी दिलं असतं तर ते चुकलंच असतं. हे काम लेकरांवर सोडायचं नसतं.

“मग मी नुसती येऊ?”

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. ‘चला, चला, चला’ त्यांच्या ओठांवर आलं होतं, मी बघितलं. ते म्हणाले, “चल.”

एकदाच म्हणाले.

आम्ही मागे निघालो. ती प्रत्येक सीटखाली वाकून बघत होती आणि साहेबांना सांगत होती, “इथं कुणी नाही. इथं पण कुणी नाही.” वरून कॅमेरा बघत होता. बघू दे. त्याला पाय नाहीत, मलाही नाहीत. मोठ्या बाई पहिल्या दिवशी बोलल्या ते खरंच होतं, अजून झोंबतं, पण खरं होतं. म्हणून तुमच्यापाशी माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या मुलांच्या बसमध्ये माझ्यासारखी कुणी असेल तर ती किती चकचकीत आहे ते बघू नका. तिला मागे घेऊन कोण जातं ते विचारा, आणि त्या माणसाला तोंडानं उत्तर द्यायला लावा.

साहेबांच्या एका हातात मी होते. दुसऱ्या हातात तिचा हात होता. त्या दुसऱ्या हाताचा मला इतका हेवा वाटला, काय सांगू! मग त्यांनी मला हुकावर टांगलं आणि मी बाहेर तोंड करून माझं वाक्य बोलायला लागले. ती दोघं अजून आतच होती, तेव्हा ते थोडं खोटंच होतं. मग दोघंही हळूहळू परत पुढे गेली, पायऱ्या उतरली, आणि ते खरं झालं.